खांबावरचा डबा

"आई, खरं सांग हं. ह्या कुकी तू जन्मात कधी स्वतः केल्या होत्यास का?"

सव्हिलाने प्रश्न एका दमात टाकला आणि मग श्वास घेतला. दुपारी शाळेच्या कुंपणावर बसून वर्ना आणि महाला ह्या वर्गमैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. विचारून दाखव, नाहीतर शाळा सुटेपर्यंत तुला भित्री भागूबाई म्हणणार. आठवी संपली की शाळाच सुटणार होती, पण तेवढे तीन आठवडेही सव्हिलाला ते नाव नको होतं.

आईच्या हातात काचेचा पेला होता. त्याचं बूड साखरेत बुडवून ती पिठाच्या गोळ्यांवर एकेक करून दाबत होती. पेला एका गोळ्यावर टेकला आणि तिथेच राहिला.

"कोणी शिकवलं तुला हे?"

"कोणी नाही." पण तिला राहवलं नाही. "वर्नाने. ती म्हणते, आपल्या पत्रपेटीच्या खांबावर तिने निळा डबा पाहिला होता. आणि ओर्फा मावशीची मोटार जाताना."

आईने पेला उचलला. गोळा चिकटून वर आला. तो नखाने खरवडत ती म्हणाली, "वर्नाला अभ्यास नसतो वाटतं."

येत्या रविवारी अख्ख्या मंडळीची, म्हणजे त्यांच्या पंथाच्या सगळ्या कुटुंबांची, प्रार्थना पाळीने त्यांच्या घरी होती. प्रार्थनेचे बाक घरोघरी नेणारी गाडी अंगणात येऊन उभी होती. दीडशे माणसं जेवणार, आणि जेवण झालं की सगळ्यांच्या नजरा त्या मऊ, जाड, साखर भुरभुरलेल्या कुकी शोधणार. सकाळपासून दोन घाणे झाले होते. दोन्ही कडक; तिसरा ओव्हनमध्ये होता. आई ओव्हनपाशी जाई, खिडकीशी येई, रस्त्याकडे बघे आणि पुन्हा ओव्हनपाशी जाई. सव्हिलाही तिच्यामागून उगाच फिरत होती.

बाबा गोठ्यातून आले. टोपी खुंटीला अडकवून त्यांनी एक कुकी उचलली, दाताखाली धरली आणि अख्खीच बाहेर काढली.

"ह्या घोड्याच्या टापेला ठोकल्या, तर नाल बसवणारा उपाशी मरेल."

"ओर्फाने पूर्वी लिहून दिलं होतं तसंच केलंय," आई म्हणाली. "लोणी, आंबट साय, खायचा सोडा, सगळं मापात. आणि मैदा म्हणे पुरेल एवढा. पुरेल म्हणजे किती, ते तिच्या हातालाच ठाऊक."

मावशीचं नाव आईच्या तोंडून सहा वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं. बाबांनी कुकी हळूच ताटात ठेवली.

मोठेपणी, जन्मभर मंडळीत राहण्याची शपथ घेऊन मावशीने बाप्तिस्मा घेतला होता आणि नंतर मंडळी सोडली होती. न घेता गेली असती, तर कोणी एवढं मनावर घेतलं नसतं. आता बाप्तिस्मा झालेल्या कोणी तिच्याबरोबर एका मेजावर जेवायचं नाही, तिच्या हातून काही घ्यायचं नाही. खांबावरून उचललेलं मात्र हातून घेतलेलं नव्हतं. निदान आईने स्वतःची तशी समजूत घातली असावी.

"आपली पाळी असली की ती कुकींचा डबा ठेवून जायची," आई म्हणाली. ती सव्हिलाकडे बघत नव्हती, बाबांकडेही नाही. "नाताळला, ईस्टरलाही. मी डबा कधी रिकामा परत ठेवला नाही. सफरचंदाचा मुरंबा, नाहीतर लोणचं. गेल्या हिवाळ्याआधी ठेवायला गेले, तर समोरून मंडळीवर लक्ष ठेवणाऱ्या डीकनची बायको बग्गीतून आली. मुरंबा मी एप्रनखाली दडवला. डबा ठेवला तसाच, रिकामा."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी झाकण उघडून बाजूला ठेवलं होतं. डबा नेलाच नाही तिने. नाताळला आली नाही. ईस्टरलाही नाही."

ओव्हनमधून करपल्याचा वास आला. आई तिकडे धावली नाही. बाबांनीच फडकं घेऊन ट्रे बाहेर काढला.

सव्हिला गुडघ्यांवर बसली आणि मैद्याच्या पिंपामागे हात घातला. लपवायला ह्या घरात दुसरी जागाच नव्हती. निळा डबा हाताला लागला, काठाशी गंज चढलेला. तिने तो फडक्याने पुसला, दुसऱ्या घाण्यातल्या त्यातल्या त्यात बऱ्या कुकी निवडल्या आणि एकेक आत ठेवायला लागली. त्या पत्र्यावर खडखडत होत्या.

"परवा, शनिवारी, मी मावशीकडे जाते," ती म्हणाली. "पायी."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने हात पुसले, वरच्या फळीवरून मुरंब्याची बरणी काढली, एप्रनने तिच्यावरची धूळ पुसली आणि डब्याशेजारी मेजावर ठेवली.

"आणि रविवारी डीकनने विचारलं तर?" बाबांनी विचारलं.

"तर सांगेन, मी गेले होते म्हणून." सव्हिलाने झाकण दाबून बसवलं. "पुरेल म्हणजे किती, ते तिच्याकडूनच शिकून येणार. जेव म्हणाली, तर तिच्याच मेजावर जेवणार. आणि काही दिलं तर खांबावर ठेवायला नाही लावणार, हातात घेणार. माझा बाप्तिस्मा अजून झालेला नाही."