काडिशबाईंचा नियम

"खुर्ची उचललीस खरी, पण तिचं वजन कुठंय?" काडिशबाई मंचाखालून ओरडल्या. मंचावरच्या रोझलिनच्या हातात खुर्ची नव्हतीच. पण हवेतल्या खुर्चीलाही वजन असतं, हेच तर बाई शिकागोतल्या या चर्चच्या तळघरातल्या नाट्यवर्गात वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या. संहिता नाही, पाठांतर नाही. उभं राहायचं आणि सुचेल ते करायचं. नियम एकच, समोरच्याने दिलं ते नाकारायचं नाही. मंचावर कुणी 'नाही' म्हणालं की बाई त्याची अशी हजेरी घेत की बिचारा आठवडाभर तोंड लपवत फिरे. मोठमोठे नट त्यांच्या हाताखालून गेले, पण बाईंनी कधी कुणाचं कौतुक केल्याचं ऐकिवात नाही!

वय झालं तरी बाईंच्या पायाला भिंगरी. मॉर्टन हा त्यांचा सर्वांत जुना विद्यार्थी, आता मदतनीस. बाई हल्ली नावं विसरत, रस्ते चुकत. वर्ग आता थांबवा, हे आज सांगायचंच असं ठरवून तो आला होता, पण जीभ रेटत नव्हती. नुसता येरझाऱ्या घालत होता.

एवढ्यात बाई स्वतःच मंचावर चढल्या. "ही बस डेव्हन अॅव्हेन्यूला जाते ना? आई वाट बघत असेल माझी."

बाई खेळायला उतरल्या म्हणून वर्गातल्या पोरांना कोण आनंद झाला! रोझलिन लगेच कंडक्टर झाली, दुसरा कुणी ड्रायव्हर. खड्डे लागले, सगळे हेलकावू लागले. बाई तेवढ्या हेलकावत नव्हत्या. त्या दाराकडे बघत कोटाचं बटण पिळत होत्या. मॉर्टन येरझाऱ्या घालायचा थांबला. हा खेळ नव्हता.

"चला, आपला स्टॉप आला," म्हणत त्याने हात धरून त्यांना जिन्याने वर आणलं. खाली टाळ्यांचा कडकडाट.

बाहेरच्या गार वाऱ्यात बाई भानावर आल्या. काय झालं ते त्यांना कळलं असावं.

"पुढच्या सोमवारी येऊ ना मी?"

मॉर्टन बुटांकडे बघत राहिला.

"नाही म्हण की मेल्या. मी शिकवलं म्हणून जन्मभर हो हो करणार आहेस?"

"नाही, बाई. नका येऊ." त्याला रडू आवरेना.

तेवढ्यात पोरं धडाधड वर आली. काय काम केलंत बाई, खरंच हरवल्यासारख्या दिसत होतात, म्हणत रोझलिन त्यांना बिलगली.

बाईंनी पाठ ताठ केली. "छे," त्या म्हणाल्या, "शेवट लांबला." आणि मॉर्टनच्या हातातून हात सोडवून, एकट्याच चर्चच्या दारासमोरच्या पायऱ्या उतरून, फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या.