जावेच्या गोळ्या

कंबर दुखायची कुंदाबाईची आणि पोटात दुखायचं रुख्माबाईच्या.

दोघी सख्ख्या जावा. रुख्मा थोरली, पुनारामची बायको. कुंदा धाकटी, यादोरावची. सडक अर्जुनीपासून आत गेलेल्या गावात दोघींची घरं एकाच आंगणात समोरासमोर होती, त्यामुळे एकीच्या घरी काय आलं ते दुसरीला उठून पाहावं लागत नसे. आणि कुंदाच्या घरी येत होती ती औषधांची पिशवी. कोहमाऱ्याच्या फाट्यावर एक नवा खाजगी दवाखाना उघडला होता. तिथं सरकारी विम्याचं कार्ड दाखवलं की कुंदाला खाटेवर निजवत, सलाईन लावून फोटो काढत आणि संध्याकाळी फुगलेली पिशवी देऊन घरी पाठवत. एक छदाम घेत नसत. पिशवीत चमचमत्या पत्त्यांतल्या लाल-पिवळ्या गोळ्या असत. सपरीत, म्हणजे ओसरीवर बसून कुंदा त्या बायांना दाखवायची.

"हे लाल गोळी खाल्ली का दुखणं कुठं पळते, काई समजत नाई वो," ती हसून सांगायची.

रुख्माचे गुडघेही काही कमी दुखत नव्हते. धानाच्या रोवणीत चिखलात वाकून वाकून ती संध्याकाळी भिंत धरूनच घरात शिरायची. पण तिच्या वाट्याला काय, तर सरकारी दवाखान्यातल्या पांढऱ्या गोळ्या, तेही कागदाच्या पुडीत. समोर कुंदा मात्र दुपारची गाढ झोपलेली असे आणि उठली की चेहऱ्यावर असं सुख, जसं काही माहेरून आली आहे.

शेवटी रुख्मानं सडक अर्जुनीचा सरकारी दवाखाना गाठला आणि डॉक्टर प्रेरणा मॅडमपुढं गोळ्यांचा रिकामा पत्ता ठेवला. कुंदाच्या केरातून उचललेला.

"मले हेच गोळी पाहिजे."

मॅडमनी पत्ता उलटून पाहिला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कुणाचा आहे हा? ही फार जड गोळी आहे, मावशी. हिची सवय लागते. तुमच्या गुडघ्यांना हिची गरज नाही."

"तिले चालते अन मले काऊन नाई? तिच्यापाशी कार्ड, तं माह्यापाशीही कार्ड. मी का सरकारची सावत्र आहो?"

"फुकट मिळते म्हणून वाटायची गोष्ट नाही ही. ज्यांची आहे त्यांना माझ्याकडे घेऊन या."

रुख्मा घरी आली. मॅडमचा निरोप काही तिनं कुंदाला सांगितला नाही. हिला आणखी एका डॉक्टरणीकडे कशाला मिरवायचं, असं तिच्या मनात आलं.

नंतर काही दिवसांनी गोंदियाहून विमा योजनेचा तपासणी करणारा माणूस आला. हिमांशू त्याचं नाव. उन्हानं लाल झालेला, बोलायला गोड. कार्डावर कुंदाच्या नावानं फार महागडी औषधं लागत होती म्हणून तो विचारपूस करायला आला होता. कुंदा त्या दिवशीही कोहमाऱ्यालाच गेलेली. रुख्मानं त्याला खाट टाकून दिली, पाणी दिलं.

"तुमच्या जाऊबाई खूप बीमार आहेत का?" त्यानं विचारलं.

"कायची बीमार? चांगली धडधाकट आहे," रुख्मा म्हणाली. इथवर थांबली असती तरी भागलं असतं. पण समोर कुंदाच्या दोरीवर नवं लुगडं वाळत होतं, आणि तिच्या जिभेला धीर धरवला नाही. "गोळ्या विकत असन ते धाब्यावर. ट्रकवाले घेतेत म्हणे."

कुंदानं कधी एक गोळी कुणाला दिली नव्हती, विकणं तर दूरच. रुख्माला ते पक्कं ठाऊक होतं.

कुंदाचं कार्ड बंद झालं. कोहमाऱ्याच्या दवाखान्यानं तिला दारातूनच परतवलं. त्या संध्याकाळी रुख्मानं झिंग्यांची भाजी केली आणि पुनारामला आग्रह करून वाढली. बऱ्याच दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

ती गोडी टिकली नाही. दुसऱ्या दिवशी कुंदा सारखी जांभया देऊ लागली. मग नाक वाहू लागलं, घामानं पोलकं भिजलं, पोट बिघडलं. पाय असे ओढत की ती ते भिंतीवर आपटायची. यादोराव भगताकडे धावला. आणि भर दुपारी रुख्मा धानाच्या बांधीवरून परतली तर कुंदा तिच्याच स्वयंपाकघरात बसलेली, भोवती सगळे डबे उघडे, हळद-मीठ सांडलेलं.

"बाई, तुह्यापाशी एखादी गोळी असन," ती रुख्माचे पाय धरून म्हणाली. "कोणतीही दे. मी मरून राहिली वो."

रुख्माच्या हातातला विळा खाली पडला. ज्या सुखाचा तिनं इतके दिवस दुस्वास केला, ते सुख असं समोर लोळत होतं. तिनं कुंदाला उठवलं, रस्त्यावरून जाणारी मालाची गाडी हात करून थांबवली आणि तिला थेट प्रेरणा मॅडमपुढं नेऊन बसवलं.

मॅडमनी तपासलं आणि मग रुख्माकडे पाहिलं. "मी म्हटलं होतं ना, घेऊन या म्हणून?"

रुख्मा पदरानं कुंदाच्या कपाळावरचा घाम पुसत राहिली.

गोळी एकदम तोडायची नव्हती, हळूहळू उतरवायची होती. घरात गोळ्या कुंदाच्या हाती द्यायच्या नाहीत, असंही ठरलं. मग कुणाकडे? कुंदानंच बोट दाखवलं, "बाईपाशी."

अशा रीतीनं त्या लाल गोळ्यांचा पत्ता रुख्माच्या पदराच्या गाठीत आला. ती रोज कुंदाला तिच्या वाट्याची देई. कुंदा कधी रडे, कधी शिव्या देई, कधी नुसती पदराकडे पाहत राही. एकदा गुडघे फारच ठणकत होते. रुख्मानं गोळी तळहातावर घेतली आणि बराच वेळ पाहत बसली.

दारातून आवाज आला, "नको खाऊ वो बाई."

कुंदा उभी होती, सुकलेली, काळवंडलेली. "माह्यावाणी होऊन जाशीन."

रुख्मानं गोळी गाठीत परत बांधली.

रोवणी संपली, धान पोटरीला आलं, तोवर कुंदाची गोळी सुटली. तिला गोंदियाला त्या दवाखान्याच्या चौकशीसाठी बोलावलं. सोबतीला रुख्मा गेली. जी इंजेक्शनं कुंदाला कधी टोचलीच नव्हती, त्यांचेही पैसे दवाखान्यानं तिच्या कार्डावर उचलले होते. गोळ्या तर मुद्दाम जास्त दिल्या होत्या, म्हणजे ती पुन्हा पुन्हा यावी. भरलेल्या खोलीत कुंदा उभी राहिली आणि तिनं सगळं न घाबरता सांगितलं. त्या दवाखान्याला योजनेतून काढलं. हिमांशूनं कुंदाला खुर्ची दिली. पेपरवाल्यानं तिचा फोटो घेतला. रुख्मा मागं बाकावर पिशव्या सांभाळत बसली होती. फोटोत तिचा फक्त कोपर आला.

परतीच्या एसटीत कुंदा खिडकीशी बसली. गोंदिया मागं पडल्यावर म्हणाली, "त्या हिमांशू सायबानं चौकशीच्या पयलेच मले इचारलं होतं, गोळ्या विकते का म्हणून. असं बोलणारी गावात कोण आहे, मले का समजत नाई?"

रुख्मा मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली.

"जाऊ दे," कुंदा म्हणाली. "तू जळली म्हणून तं कार्ड बंद झालं. नाई तं मी खातच राहिली असती अन मेली असती. मी नाई धरलं मनात."

रुख्माला रडू यायला हवं होतं. थोडं आलंही. पण त्याच्या मागोमाग जुनी ओळखीची आग पोटात पडली. कार्ड तिचं, फोटो तिचा, आणि आता हा माफ करायचा मोठेपणाही तिनंच घेतला!

"सरक तिकडं," ती कुंदाला म्हणाली. "खिडकीशी मले बसू दे."

कुंदा हसली आणि सरकली.