मानाची शाल धुतली त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी पश्मिना शाल आहे. जुनी म्हणाले, फाटकी नव्हे. हा फरक शेवटपर्यंत ध्यानात असू द्या. लडाखच्या शेळ्यांच्या राठ केसांखाली मऊ लोकर असते. ती विंचरून काढतात, हाताने कातून तिचे सूत करतात. त्या सुताची मी. वजनाला हलकी, उबेला भारी आणि स्वभावाने थोडी तोऱ्याची.

आदिनाथ नावाच्या जवानाने मला लेहच्या बाजारातून आपल्या गावी, धावड्याला आणले. त्याचे शाळेतले सोमेश्वर गुरुजी निवृत्त होत होते. टाळ्यांच्या गजरात मी गुरुजींच्या खांद्यावर पडले. गुलाल उधळला, पेढे वाटले गेले आणि पेढ्याची बोटे माझ्याच काठाला पुसली गेली. मला वाटले, आता रोज मिरवायचे.

कुठले काय! गुरुजींनी मला तशीच घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत बांधले. त्यांच्या पत्नी उषाबाई म्हणाल्या, निदान धुऊन तरी ठेवू. "मानाची शाल धूत न्हाईत," गुरुजी म्हणाले. त्या गुलालात त्यांचा तो दिवस होता. सहा वर्षे मी कपाटात गुदमरले.

मग एका जानेवारीत आदिनाथचा फोन आला. तोही फौजेतून निवृत्त झाला होता आणि सव्वीस तारखेला शाळेत त्याचा सत्कार होता. गुरुजींनी ती शाल पांघरून यावे, एवढेच त्याचे मागणे होते. गुरुजींनी हौसेने पिशवी सोडली आणि मला उजेडात धरले. जिथे पेढ्याचा हात लागला होता, नेमकी तिथेच मला कसर लागली होती. चार भोके! हातात आठच दिवस होते, आणि त्या पोराला तोंड कसे दाखवावे हे गुरुजींना कळेना.

उषाबाई कधी उलटून बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "मान शालीत हाय, तिच्या मळात न्हाई. आता मला माझं करू द्या."

घरचे तुरीचे बियाणे त्या वर्षानुवर्षे राखत आलेल्या. कीड कशाला म्हणतात हे त्यांना पक्के ठाऊक. त्यांनी मला अंगणात झटकले. रिठ्याचे पाणी गाळून गार केले आणि त्यात मला अलगद दाबले. चोळले नाही, पिळले तर मुळीच नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपले आणि सावलीत बाजेवर आडवे सुकवले. शेजारच्या पुष्पाबाईंनी विचारले, शाल आजारी आहे का? मग माझ्याच काठाचे धागे घेऊन उषाबाईंनी तीन दुपारी रफू केला. भोके कुठे होती, ते आता मलाही आठवून शोधावे लागते.

सव्वीस तारखेला मी गुरुजींच्या खांद्यावर शाळेत गेले. आदिनाथने मला हात लावून पाहिले. "गुरुजी, काल घेतल्यावानी दिसून राह्यली."

गुरुजींनी माईक हातात घेतला. "म्या तर सडवून ठेवल्ती. हिनं वाचवली," असे म्हणून ते बायकांच्या रांगेत गेले आणि सगळ्यांदेखत मला उषाबाईंच्या खांद्यावर घातले. सगळे गाव उभे राहिले. उषाबाई रडल्या, हसल्या, आणि मित्रांनो, माझा ऊर आनंदाने भरून आला. पहिल्या सत्कारातही इतक्या टाळ्या नव्हत्या.

म्हणून सांगते, लोकरीचे कपडे धुऊन, नीट सुकवून सुती कापडात ठेवा. शेजारी कडुलिंबाच्या सुक्या पाल्याची पुरचुंडी असू द्या. आणि मुख्य म्हणजे, ते अंगावर घाला. मी आता दर हिवाळ्यात उषाबाईंच्या खांद्यावर असते. पेढा खाल्ला की गुरुजी आधी हात धुतात, मगच जवळ येऊन बसतात.