पाणीसाहेबांचे गादीवाफे

त्यांना सगळी गल्ली पाणीसाहेब म्हणायची, कारण शहराच्या पाण्याच्या अहवालाखाली तीस वर्षं त्यांची सही होती. दर महिन्याच्या एक तारखेला ते अहवालात एकच आकडा लिहीत: सात. सात म्हणजे आंबट नाही, चुन्याचं नाही, अगदी सरळमार्गी पाणी. लोक अहवाल वाचत आणि निश्चिंत मनाने नळ सोडत. आता साहेब निवृत्त झाले होते, आणि निवृत्त माणूस जे करतो तेच करत होते, म्हणजे दिसेल त्याला शिकवत होते.

ब्लूबेरीची हौस मात्र त्यांची नव्हे, बायकोची. या बाईने उभ्या संसारात स्वतःसाठी काही म्हणून मागितलं नव्हतं. एकदा कुठल्याशा मासिकात फोटो पाहून म्हणाली, "अहो, ही निळी फळं झाडावरून तोडून खायची आहेत मला. एकदाच."

झालं! साहेबांनी कंबर कसली. अंगणातली माती चुनखडीची, आणि ब्लूबेरीला तर आंबट माती लागते. म्हणून त्यांनी फळ्या ठोकून गुडघाभर उंचीचे दोन गादीवाफे केले, त्यात पीटमॉस, म्हणजे कुजलेलं आंबट शेवाळ, आणि पाइनच्या सालीचा चुरा भरला, नर्सरीतून चार रोपं आणून लावली. शेजाऱ्यांना वाफ्याभोवती उभं करून तासभर भाषण दिलं. मग नळाला पाइप जोडला आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला सुरुवात केली.

चार महिन्यांत पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी सगळं पान कावीळ झाल्यासारखं.

"पाण्याचं काही असेल का हो?" बायकोने भीत भीत विचारलं.

"पाण्याचं मला शिकवू नकोस!"

ती भ्यायली त्याला कारण होतं. नव्या नवरीचे दिवस. हौसेने आणलेल्या काचेच्या सहा ग्लासांवर पांढरे डाग पडायचे, घासघास घासलं तरी. पाहुण्यांसमोर ती एकदा बोलून गेली की डाग पाण्याचे असतील. साहेबांनी ग्लास उजेडात धरला, सगळ्यांना फिरवून दाखवला आणि म्हणाले, "पाणी सात आहे, मी स्वतः बघतो. नाचता येईना, अंगण वाकडं!" पाहुणे पोट धरधरून हसले. ग्लास कपाटात गेले ते गेलेच, आणि पाण्याबद्दल तिने पुन्हा चकार शब्द काढला नाही.

साहेब एक पिवळं पान खिशात घालून नर्सरीवालीकडे भांडायला गेले. नर्सरीवाली पोरसवदा, पण जिभेला धार.

"रोपं रोगट दिलीस तू मला."

"काका, त्याच दिवशी आलेली ही माझी बघा. आहेत की नाही हिरवीगार? तुम्ही पाणी कुठलं घालता?"

"नळाचं. सात आहे ते! मी कोण आहे माहितीये का?"

"मला माहितीये हो, पण झाडाला कुठे माहितीये? मी पावसाचं पाणी साठवून घालते. ह्या पाणी तपासायच्या पट्ट्या घ्या, घरी जाऊन बुडवून बघा."

साहेबांनी पट्टी नळाच्या पाण्यात बुडवली. पाकिटावरच्या रंगांशी रंग ताडून पाहिला. साडेआठ, म्हणजे चक्क चुन्याचं. पट्टीच खोटी, दुसरं काय! त्यांनी दुसरी पट्टी लिंबाच्या रसात बुडवली. ती मुकाट्याने लाल झाली. तिसरी दुधात बुडवली, तिनेही बरोबर सांगितलं. खोटं बोलणारा त्या अंगणात एकच उरला होता.

ते वाफ्याच्या फळीवर मटकन बसले. ऑफिसातलं मोजायचं यंत्र ते नोकरीला लागले तेव्हाच बिघडलेलं होतं. दुरुस्तीला गेलं, ते काही परत आलं नाही. तोवर तात्पुरतं म्हणून त्यांनी सात लिहिलं. ते तात्पुरतं तीस वर्षं टिकलं. त्या पाण्याने कुणी आजारी पडलं नाही, एवढंच काय ते समाधान. पण आता अंगणात पावसाच्या पाण्याचं पिंप ठेवावं, तर उद्या गल्ली विचारणार, का हो पाणीसाहेब, नळाला काय झालं? आणि न ठेवावं, तर बायकोने जन्मात मागितलेली एकुलती एक गोष्ट डोळ्यांदेखत वाळणार. तीन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. पानांच्या कडा करपायला लागल्या.

चौथ्या दिवशी सकाळी बायको वाफ्यापाशी बसून करपलेली पानं खुडत होती आणि रोपाशीच बोलत होती. "तुझा दोष नाही रे बाबा. माझ्याच हाताला यश नाही. साधे ग्लास कधी लख्ख करता आले नाहीत मला."

साहेब तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तसं नाही गं," ते म्हणाले. "पाणीच चुन्याचं आहे. पहिल्यापासून. मी कधी मोजलंच नव्हतं."

तिचा हात थांबला.

"पहिल्यापासून म्हणजे ग्लासांच्या वेळेपासून?"

"हो."

ती उठून आत गेली. साहेबांच्या छातीवरचा धोंडा उतरला. बायको मोठ्या मनाची, ते मनाशी म्हणाले, आणि पिंप कुठे बसेल याची जागा पावलांनी मोजायला लागले.

आतून कपाटाचं दार वाजलं. ती ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये ते सहा ग्लास, अर्धं लिंबू आणि घासणी. तिने ट्रे वाफ्याच्या फळीवर ठेवला.

"घासा," ती म्हणाली, आणि समोर खुर्ची ओढून बसली.

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा भांडी घासली, आणि मन लावून घासली. त्याच नळाखाली धरून विसळली, उन्हात पालथी घातली. ग्लास वाळले. साहेबांनी एक उचलून उजेडात धरला. पांढरे डाग होते तिथेच होते.

"पुन्हा घासा," ती म्हणाली.