थोरल्या पातीचं सूप

गुरुलिंगाला वागायची रीतच नव्हती, असं रुद्रम्माचं ठाम मत होतं. भर बाजारात, वाण्याच्या तागडीपुढं, चार बायांच्या देखत त्यानं तिला "काकू" म्हणून हाक मारली, आणि वर हसलाही. आळंदकडनं आलेला बटाईदार! सास्तूरला येऊन अजून घराच्या भिंती सारवून झाल्या नाहीत, आणि निघाला नातं लावायला.

"आडनाव एक असलं म्हणून भाऊबंद झाला व्हय?" शेजारच्या हसीनाबीपुढं रुद्रम्मानं तोंड सोडलं होतं. "कानेगावातनं कुत्रं जरी भाईर पडलं, तरी लोकं त्याला कानेगावेच म्हणत्याल. म्हणून काय त्याला पंगतीला घेऊ?"

"बिठा ले ना, रुद्रम्मा," गोवऱ्या थापता थापता हसीनाबी म्हणाली. "रोटी तो तू कुत्तों को भी डालती."

रुद्रम्मानं तिच्याकडं नुसतं बघितलं. हसीनाबीला ते बघणं सवयीचं होतं.

खरं दुखणं हाकेचं नव्हतंच. गुरुलिंगाची म्हातारी आई पार्वतम्मा अंथरुणाला लागली होती, आणि तिनं एकच धोशा लावला होता: मेल्यावर मला कानेगाव्यांच्या समाध्यांत बसवा. लिंगायतांचा माणूस मातीतसुद्धा बसूनच जातो, आणि रुद्रम्माच्या घराण्याचे सगळे विहिरीकडच्या पट्टीत बसलेले होते. सासू, सासरे, तिचा मालक वीरभद्र. स्वतःची जागाही तिनं मनातल्या मनात धरून ठेवली होती. तिथं या उपऱ्यांना शिरू द्यायचं? गुरुलिंग हातात टोपी धरून विचारायला आला, तेव्हा ती म्हणाली होती, "मेलेल्याला माती कुठलीबी चालती. गायरान मोकळं पडलंय."

त्याआधी म्हातारी हिंडत-फिरत होती तेव्हा एकदा स्वतःच दाराशी आली होती. "आमी तुमचेच," म्हणाली होती. रुद्रम्मानं तिला ओट्यावर चढू दिलं नाही. पाणी मागितलं तर वरनं ओंजळीत ओतलं. म्हातारीच्या गळ्यात लिंग होतं, ते दिसलं होतं. पण लिंग काय, कुणीही बांधून येईल. म्हातारीनं मुकाट्यानं पाणी पिऊन ओला हात डोळ्यांना लावला आणि गेली.

रुद्रम्माला सहीपुरती अक्षरं यायची, पण घराण्याची नावं तिला तोंडपाठ होती. दर सुगीनंतर शंकरप्पा हेळवी बैलावर बसून यायचा. घराघराच्या पिढ्या पाठ ठेवायच्या, अंगणात उभं राहून म्हणायच्या आणि सूपभर ज्वारी घेऊन पुढच्या दाराला जायचं, हा त्याच्या बापजाद्यांचा धंदा. त्याच्या तोंडून ती लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती: मल्लप्पाचा बसप्पा, बसप्पाचा शिवप्पा, शिवप्पाचा वीरभद्र. तेलाच्या धारेसारखी सरळ नावं. त्यात आळंदचा कुणी कधी आला नव्हता. मग आता येतो कुठनं?

म्हणून त्या साली वेशीत बैलाची घंटा वाजली, तशी तिनं सगळी गल्ली गोळा केली. गुरुलिंगालाही बोलावणं धाडलं. एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे, चारचौघांत होऊ दे.

हेळव्यानं नेहमीची नावं म्हटली. सरकारी धान्यवसुलीच्या लेव्हीवाल्यांनी कणगी खरवडून नेली होती, तरी रुद्रम्मानं सूप शिगोशीग भरून दिलं, आणि गुरुलिंगाकडं बोट केलं. "आता सांगा शंकरप्पा. ह्याचं नाव आमच्यात हाय का?"

हेळवी बैलाची मान खाजवत राहिला. "अक्का, ते ऱ्हाऊ द्या."

"का ऱ्हाऊ द्या? न्हाय म्हनाया जीभ जड झाली?"

"तसं न्हाय. ज्याचं सूप, त्याचं नाव. एकाच्या ज्वारीवर दुसऱ्याची पाती, दुसऱ्याच्या वंशाची नावं, म्या म्हनत न्हाय. आमच्यात ते पाप."

"मंग ह्याच्या घरचं सूप येऊ दे की! का रे गुरुलिंगा, दाना हाय का घरात? नसंल तर माझ्यातला घे."

कुणीतरी फसकन हसलं. गुरुलिंग घरी गेला आणि सूप घेऊन आला. तळ झाकेल इतकीच ज्वारी होती, पण पाखडून स्वच्छ केलेली. ती त्यानं हेळव्याच्या झोळीत ओतली.

शंकरप्पानं डोळे मिटले.

"मल्लप्पाला दोन लेक. थोरला चनप्पा, धाकटा बसप्पा. मोठा दुष्काळ पडला. कणगीत उरलं ते एकाच चुलीला पुरंल येवढं. थोरला म्हनला, धाकट्याची लेकरं ल्हान हायती, त्यास्नी खाऊ द्या. बायको घेतली, आळंदची वाट धरली. जाताना बोलला, दाना तुझा, इहिरीकडची माती माझी. आमी मरायला माघारी येऊ. चनप्पाचा राचप्पा. राचप्पाची अस्तुरी पार्वतम्मा. राचप्पाचा गुरुलिंग."

बैलानं मान झटकली तेवढी घंटा वाजली.

"येवढी सालं का न्हाय सांगितलं?" रुद्रम्माचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"सूप कुठं आलं थोरल्या पातीचं? नावं पाठ आमा दोघांस्नीबी, पर आळंदकडं माझा भाऊ हिंडतो, तिकडली तो सांगतो. तुम्ही तुमच्या दारात तुमचीच ऐकलीत. आनि अक्का, ह्यो तुमाला काकू म्हनतो ते चूक. पिढी मोजा. ह्यो तुमचा दीर लागतो."

दीर. मग ती म्हातारी? रुद्रम्मानं बोटांची पेरं धरली आणि सोडून दिली. मोजायची गरजच नव्हती. चुलत सासू होती ती. ज्या लहान लेकरांसाठी चनप्पानं कणगी सोडली, त्यातलंच एक तिचा सासरा. म्हणजे तिचं कुंकू, तिची लेकरं, दारची गुरं, बाजारात ताठ चालायची तिची ऐट, सगळं त्या सोडलेल्या ज्वारीवर उभं होतं. आणि तिनं त्या घरच्या सासूला वरनं पाणी ओतलं होतं. वर गायरान दाखवलं होतं.

ओट्यावर हेळव्याला दिलेल्या सुपातले चार दाणे सांडले होते, तेच ती बघत राहिली. वर बघवेना. आयुष्यभर लोकांना खाली बघायला लावलेली बाई ती.

"चल, रुद्रम्मा, अंदर बैठ," हसीनाबी हळूच म्हणाली आणि तिचा दंड धरला.

रुद्रम्मानं तो हात बाजूला केला. ओट्याच्या पायऱ्या उतरून ती खाली, गुरुलिंगासमोर येऊन उभी राहिली. तो बिचारा अवघडून मागं सरला.

"मागं सरू नका, भावजी," ती म्हणाली. तिला हळू बोलता आलं असतं, पण अपमान जेवढ्या मोठ्यानं केला होता, तेवढ्याच मोठ्यानं ती बोलली. "माझा निवाडा ऐका, आनि ह्या समद्यास्नीबी ऐकू द्या. तुमचं चुकलं ते येवढंच, की तुम्ही माझ्याकडं मागाय आलात. माती थोरल्या पातीची. ती म्या कोन देनार? आत्याबाईला म्या भिकाऱ्यासारखं पानी पाजलं. त्यांच्याफुडं न्यायला मला तोंड न्हाय, पर हेच तोंड घिऊन यावं लागंल. तुम्ही फुडं व्हा, आनि त्यास्नी इचारा, इहिरीकडं त्यांच्या पायाशी ह्या रुद्रीला जागा देत्याल का. न्हाय म्हनल्या, तर गायरानात म्या जाईन."