सिद्धरामबाबाची गंगा

"गंगा आली! वाळल्या ओढ्यात गंगा आली!"

लातूर जिल्हा नवा झाला, दुष्काळ मात्र जुनाच राहिला. विहिरींनी तळ गाठला होता. अशात गावात नव्यानंच आलेल्या सिद्धरामबाबाने ओढ्यात काठी रोवली आणि तिथंच पाणी पाझरलं. मग काय, अख्खी खडकवाडी घागरी घेऊन लोटली. आठवड्याच्या आत घरोघर जुलाब सुरू झाले.

"पाप भाईर पडायलंय, लेकरांनो! जितकं पातळ, तितकं पुण्य!" बाबा गरजला. लोकांनी हात जोडले.

दवाखान्याच्या डॉक्टर पंचशीलाने कपाळावर हात मारला. पाण्याची बाटली भरून तिनं लातूरच्या प्रयोगशाळेत तपासून घेतली. विष्ठेतले जंतू निघाले.

बाबा हसला. "गाईचं असंल की! शेण तर पवित्रच असतंय."

आता या माणसापुढं काय डोकं फोडायचं! तेवढ्यात सरजाबाईचा नातू आडवा झाला. डोळे खोल गेलेले, आणि म्हातारी त्याला तीर्थच पाजत होती.

"मावशी, सलाईन लावू द्या. पोरगं हातचं जाईल!"

"सुई न्हाई लावायची. बाबानं मना केलंय."

पंचशीला चरफडत पुन्हा लातूरला धावली. माणसाच्या पोटातले जंतू आणि गुराच्या पोटातले जंतू सारखे नसतात. त्यांच्या प्रमाणावरून घाण कुणाची ते कळतं. उत्तर आलं, घाण माणसाची. पण ओढ्याकाठी तर चिटपाखरू राहत नव्हतं. वर माळावर मात्र साहेबलोकांची नवीकोरी कॉलनी होती.

ती सरजाबाईसकट सगळ्यांना घेऊन कॉलनीत गेली आणि संडासाच्या टाकीचं झाकण उचलायला लावलं. ओढ्याच्या अंगाला हे एवढं भगदाड! मागून आलेल्या बाबाला बघून राखणदार केरबा ओरडला, "आरं, ह्यो तर आमच्या टाकीवरला मिस्त्री! टाकी गळती म्हणून हाकलला व्हता ह्याला!"

पाणी कुठं झिरपतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"म्हंजे माज्या लेकराला मी सायबाचं..." सरजाबाईनं हातातली घागर दगडावर आपटली. "बाई, लाव तुजी सुई!"

संध्याकाळी सलाईन संपत आलं तसं पोरानं डोळे उघडून पाणी मागितलं. पंचशीलाने पेला पुढं केला. सरजाबाईनं तो मधेच धरला.

"बाई, ह्ये पानी कुठलं?"

"दवाखान्यातलं. उकळलेलं."

तेव्हा कुठं तिनं तो पोराच्या ओठाला लावला. पंचशीलाला हसावं की रडावं कळेना. तिकडं ओढ्यावर अजून दोन बाया घागरी भरतच होत्या.

बाबांनो, हात कुणापुढंही जोडा. पण पाणी तोंडाला लावण्याआधी सरजाबाईसारखं एवढं विचारत जा.