सुटकेचा निःश्वास

“पोरगी हाय, सायेब! पोरगा नाय!”

पाण्यातून डोकं वर काढून गोमा ओरडला आणि खाणीच्या काठावर दाटलेली गर्दी एकदम सैल झाली. जीपमध्ये बसलेल्या इंजिनियरसाहेबांच्या बायकोनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्या हमसून हमसून रडू लागल्या. “देव पावला हो, देव पावला,” म्हणत शेजारणीनं त्यांना जवळ घेतलं. मुंबईहून आलेल्या फोटोवाल्यानं कॅमेऱ्यावर झाकण बसवलं. कृष्णकांतच्याही छातीवरचं दडपण उतरलं. उभ्या उभ्याच तो उद्याच्या बातमीचं वाक्य जुळवू लागला.

कृष्णकांत सावे पालघरच्या एका भातगिरणीत कारकून होता. मुंबईच्या एका दैनिकाला तो फावल्या वेळात बातम्या पाठवी. भाताचे भाव, हौशी मंडळींचं नाटक, कुठे गवताच्या गंजीला लागलेली आग. आतल्या पानाच्या तळाशी त्या यायच्या, त्याही नुसत्या ‘वार्ताहराकडून’ म्हणून. मग बोईसरकडे वीजप्रकल्पाचं काम सुरू झालं, साहेबलोकांची वसाहत उठली, आणि त्या वर्षीच्या थंडीत तिथल्या एका मोठ्या इंजिनियरचा सहा वर्षांचा शिरीष अंगणातून खेळता खेळता नाहीसा झाला.

तेव्हापासून कृष्णकांतला दिवस पुरेना. दैनिकानं शिरीषचा खलाशाच्या पोशाखातला फोटो पहिल्या पानावर छापला. मुलानं सकाळी काय खाल्लं होतं, त्याचा कुत्रा कसा अन्नाला शिवत नाही, आईनं कोणता नवस बोलला, जे पाठवावं ते छापून येई. आणि वर ठळक अक्षरांत ‘आमचे पालघरचे वार्ताहर कृष्णकांत सावे यांजकडून’. गिरणीचे शेठसुद्धा त्याला बसायला खुर्ची देऊ लागले होते.

त्याच दिवसांत झिपरू त्याच्या दारात आला होता. डोंगरातला वारली. भात झोडून झालं की बायको आणि पोरीला घेऊन तो कुंभवलीच्या बाजूला प्रकल्पाच्या खोदकामावर यायचा. ओटीवर ये म्हटलं नाही, म्हणून तो अंगणातच उकिडवा बसला.

“माजी पोर हरवली, भाऊ. भागी. सरपन आनाया गेली ती आलीच नाय. सायबाच्या पोराचं तू पेपरात लिवतोस म्हनं. तसं माज्या पोरीचं लिव.”

“फोटो आहे का?”

“फोटू?” झिपरूला हसूच आलं. “फोटू कुठला, भाऊ? पन दिसाया चांगली हाय. नऊ-धा वर्साची आसंल.”

कृष्णकांतनं शिरीषच्या बातमीला शेवटी दोन ओळी जोडल्या. त्या छापून आल्या नाहीत. टपाल कचेरीतून मुंबईला फोन लागला तेव्हा त्यानं भीत भीत विचारलं.

“अहो सावे,” उपसंपादक म्हणाला, “या लोकांची पोरं अशीच कुठं कुठं जातात आणि येतात. त्यात काय छापायचं? तुम्ही शिरीषचं सांगा. आई आज काय म्हणाली?”

आई काय म्हणाली ते कृष्णकांतनं सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं.

आणि आता, शिरीषसाठी बेटेगावजवळच्या या जुन्या दगडखाणीत गळ टाकले होते, समुद्रकाठच्या गावातून बुडी मारणारा गोमा बोलावून आणला होता, तर ही मुलगी वर आली होती.

गोमानं तिला कातळावर निजवलं आणि काठावर काढून ठेवलेला आपला कोरडा सदरा तिच्या अंगावर पसरला. सदरा गळ्यापर्यंत पोचायच्या आत कृष्णकांतला दिसलं. मानेभोवती काळानिळा वळ होता, दोरीनं आवळल्यासारखा. फौजदार त्याच्या शेजारीच उभा होता. त्यालाही दिसलं असणार.

“कुणाची रे?” फौजदारानं विचारलं.

“कामावरच्या वारल्याची आसंल,” कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात माळावरून झिपरू धावत येताना दिसला. मागून त्याची बायको बायडी. ती ओरडली नाही. कातळावर बसली आणि पोरीच्या तोंडावर चिकटलेले केस एकेक करून बाजूला करू लागली. कृष्णकांतनं हे जीपमधून पाहिलं. फोटोवाल्याची जीप पालघरला निघाली होती, ती चुकली असती तर मुंबईचा फोन चुकला असता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर त्याचं वाक्य जसंच्या तसं आलं. ‘बेटेगावनजीकच्या खाणीत सापडलेले प्रेत शिरीषचे नसल्याचे निष्पन्न होताच उपस्थित सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.’

“वाक्य झकास उतरलंय हो,” उपसंपादक फोनवर म्हणाला.

त्याच आठवड्यात शिरीष सापडला. इंजिन बघायच्या नादात तो बोईसरला गाडीत चढला होता आणि थेट बलसाडला उतरला होता. तिथे रेल्वेतल्या एका माणसाच्या घरी तो तापानं फणफणलेला पडून होता. नाव-गाव काही सांगेना. त्या माणसाच्या हाती पेपर पडला, फोटो दिसला आणि पोर ओळखलं गेलं. वसाहतीत पेढे वाटले. साहेबांनी कृष्णकांतचे दोन्ही हात हातांत घेतले. “सावे, तुमच्यामुळे माझा मुलगा मिळाला,” म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. आणि ते खोटंही नव्हतं.

पेढ्यांचा पुडा घेऊन तो घरी आला, तर अंगणात झिपरू आणि बायडी बसलेली. शेजारी गाठोडी. कामावरून उठून पाड्यावर निघाली होती.

“भाऊ, पेपरात आलं म्हनं आमच्या पोरीचं,” झिपरू म्हणाला. “दुकानदार सांगत व्हता, खानीचं आलंय म्हून. आमाला वाचाया येत नाय. वाचून दाव ना.”

कृष्णकांतची बायको उषा दारात उभी होती. तिनं आतून पेपर आणून त्याच्या हातात दिला. तो काहीतरी दुसरंच वाचून दाखवू शकला असता. भागी, झिपरूची मुलगी, गुणी पोर, असं काहीबाही. पण उषाला वाचता येत होतं, आणि ती तिथून हलली नाही. त्यानं होतं ते वाचलं.

झिपरू कान देऊन ऐकत होता. “सुटकेचा काय म्हनलास?”

“निःश्वास.”

“म्हंजी काय, भाऊ?”

“म्हणजे... बरं वाटलं.”

“कोनाला?”

“सगळ्यांना.”

झिपरूनं मान हलवली, जणू हिशेब बरोबर जुळला. मग म्हणाला, “तू व्हतास ना तिथं?”

“होतो.”

बायडीनं पेपराकडे बोट केलं. “आन तिचं नाव?”

“नाव नाही आलं.”

“नाव तर तुला सांगितलं व्हतं,” ती म्हणाली. रागानं नाही. माणूस विसरला असेल तर आठवण द्यावी, तशी. मग गाठोडं डोक्यावर घेऊन ती उठली.

ती दोघं रस्त्याला लागल्यावर उषानं विचारलं, “तुम्हालाही बरं वाटलं होतं?”

पुडा तिच्या हातात देऊन तो आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

सकाळी तो चौकीवर गेला. फौजदारानं चहा मागवला.

“ती मुलगी हो? पाय घसरून पडली, बुडाली. मिटलं ते.”

“तिच्या गळ्यावर वळ होता. मी पाहिला.”

फौजदारानं बशी खाली ठेवली. “तुम्ही पाहिलात? मग तुमच्या पेपरात कसं आलं नाही? त्या पोरासाठी रोज वरून विचारणा व्हायची, सावे. का? तर तुम्ही रोज लिहीत होता. हिच्यासाठी कुणी विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.” आणि बशी पुन्हा उचलत तो म्हणाला, “आता पुरून झाली ती. चहा घ्या.”

त्या दिवशी कृष्णकांतनं बातमी लिहिली. भागी. तिच्या बापाचं नाव, आईचं नाव, गळ्यावरचा वळ. फोन लागल्यावर शब्द न् शब्द वाचून दाखवला. पलीकडे उपसंपादक जांभई देत होता. “शिळं झालं हो आता. आणि मूल सुखरूप मिळालं, वाचक खूश आहेत. कशाला विरजण घालता?” कृष्णकांतनं पुन्हा पाठवली, मग दुसऱ्या एका पेपरला पाठवली. ती कुठेच आली नाही. भागीला कुणी मारलं, हे कुणी शोधलं नाही.

होळीच्या आधी तो मनोरला एसटीतून उतरला आणि विचारत विचारत डोंगरातल्या पाड्यावर गेला. ऊन चढलं होतं. झिपरूच्या झोपडीपुढं, सारवलेल्या जमिनीवर पळसाची तीन पानं मांडलेली होती. कुणी पाहुणा असावा असं वाटून तो कुडाशीच थांबला.

झिपरूनं त्याला पाहिलं. जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “रोज चुकते ती. मांडते, मंग उचलते.”

सगळ्या वाटेनं कृष्णकांतनं शब्द जुळवले होते, ते गेले. “मी लिहिलं होतं, झिपरू,” तो एवढंच म्हणाला. “तिचं नाव घालून लिहिलं. त्यांनी छापलं नाही.”

“वळाचं बी लिवलंस?”

“लिहिलं. उशिरा लिहिलं.”

झिपरूनं समोरच्या उघड्या खाचरांकडे पाहिलं. “मंग तू आनखी काय करशील,” तो म्हणाला.

त्यानं शिवी घातली असती, अंगावर धावून आला असता, तर बरं झालं असतं असं कृष्णकांतला वाटलं. तो जायला वळला.

“कुठं चालला? उनाचा आलास,” मागून बायडीचा आवाज आला. ती भाताचं मडकं घेऊन बाहेर आली होती. पहिल्या पानावर तिनं भात वाढला, दुसऱ्यावर वाढला. तिसऱ्यापाशी तिचा हात थांबला. पान उचलायला ती वाकली, आणि तशीच क्षणभर राहिली. मग पान न उचलता तिनं त्यावर भात घातला, वर डाळ ओतली आणि पान हातानं थोडं सरळ केलं.

“बस, भाऊ. जेव.”

कृष्णकांतनं चपला काढल्या आणि तो त्या पानावर बसला. भात गरम होता. मान खाली घालून त्यानं पहिला घास घेतला.